इंजिनाचं ऊन पाणी

आमच्या घरात देव्हारा नव्हता. देव्हाऱ्याच्या जागी भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात पत्रकांचा गठ्ठा असे. अण्णा, म्हणजे माझे वडील, मुंबईहून टपालाने आलेलं प्रत्येक पत्रक तिथे ठेवत. पिवळट, पातळ कागद, दोन्ही अंगांनी छापलेला, बोटाला शाई लागणारा. मी अक्षरओळख त्यावरच केली. इतर मुली शुभंकरोती म्हणत तेव्हा मी ‘श्रमिकांनो, जागे व्हा’ घडाघडा म्हणत असे आणि आई चुलीपाशी बसून म्हणे, “जागी आहे गं बाई, पहाटेपासून जागी आहे. पाणी आण जरा.” अण्णा शाळामास्तर होते. असल्या पत्रकांपायी त्यांची नोकरी गेली. मग कर्जतच्या एका पायाने चालवायच्या छापखान्यात ते स्वतःची पत्रकं छापून घेऊ लागले. त्यांचं अक्षर खिळे जुळवणाऱ्याला लागत नसे, म्हणून सुवाच्य प्रत मी करायची. त्यांचा एकच नियम होता: पत्रकात खरं लिहायचं आणि खाली आपलं नाव घालायचं. निनावी पत्रकाला ते ‘भेकडाची थुंकी’ म्हणत. हा नियम मी अजून पाळते आणि आजकालचं निम्मं छापील वाचताना मला त्यांचा तो शब्द आठवतो.

आमचं गाव कळंबच्या अलीकडे. भिवपुरीच्या वीजघरात डोंगरावरचं पाणी नळांतून खाली कोसळे, त्यावर चाकं फिरत आणि तयार झालेली वीज तारांवरून मुंबईला जाई. त्या तारा लांबच्या माळावर दिसत. आमच्या घरात मात्र रॉकेलची चिमणी. ‘आमच्या डोक्यावरून’ हे अण्णांचं पहिलं गाजलेलं पत्रक याच गोष्टीवर होतं. ते मला एकदा वीजघर दाखवायला घेऊन गेले होते. नळांकडे बोट करून म्हणाले, “कुसुम, पाणी वर आहे म्हणून चाक फिरत नाही. वरून खाली पडतं म्हणून फिरतं. खाली जायला वाट नसती तर डोंगरभर पाणी असूनही उपयोग शून्य.” हे वाक्य त्यांनी स्वतः उच्चारलेलं आहे. पुढचं सगळं सांगताना ते मला पुन्हा पुन्हा आठवणार आहे, म्हणून आधीच लिहून ठेवते.

गावात शेतकऱ्यांनी मिळून भातगिरणी काढली ती अण्णांच्या पुढाकाराने. त्याआधी भात भरडायला व्यापाऱ्याच्या गिरणीत जावं लागे आणि तो कोंडाही ठेवून घेई, कणीही ठेवून घेई. सभासदांनी एक जुनं तेलावर चालणारं इंजिन आणलं. बैलगाडीतून उतरवताना दोन बैल बसले. त्याच्याबरोबर बाळू मिस्त्री आला, खोपोलीकडचा, गडी बोलघेवडा. इंजिनाला तो ‘पाटील’ म्हणे. “पाटलाला आज भूक नाय,” “पाटलाचा खोकला गेला,” असं त्याचं चाले. इंजिन सुरू झालं की धप्‌धप्‌ असा आवाज थेट आमच्या चुलीपर्यंत येई, त्यात पट्ट्याचा सपासप आवाज मिसळे, आणि मांडणीवरची पितळी भांडी हलकीच किणकिणत. आई म्हणे, गिरणी बंद असली की घर बहिरं वाटतं.

इंजिन तापू नये म्हणून त्याच्या अंगाभोवती पाणी खेळवत. विहिरीचं गार पाणी एका बाजूने आत जाई आणि दुसऱ्या बाजूने वाफाळत बाहेर पडून गिरणीमागच्या ओहोळात वाहून जाई. थंडीत त्या ओहोळावर बायकांची जत्रा भरे. सरपण आणायचं म्हणजे डोंगर चढायचा, आणि इथे फुकट ऊन पाणी. धुणी धुवावीत, डोक्यावरून न्हावं, तान्ही पोरं शेकून काढावीत. चिकट, तेलाचा किंचित वास असलेलं ते पाणी. त्यात न्हालेल्या आमच्या गावच्या सगळ्या पोरांच्या केसांना गिरणीचा वास येई. तिथली राणी होती हिरा. गणा भोईराची बायको, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, पहिलटकरीण. तिचं लेकरू पाय झाडत ओरडे आणि ती त्याला म्हणे, “रडतंस काय रं? राजाच्या पोराला बी असं आयतं पाणी मिळत नाय.” तिची सासू ठकूआजी काठावर बसून सूचना देई, “मान धर गं, मान! भांडं हाय का ते?” त्यावर हिरा हसून म्हणे, “तुमच्या लेकाची बी अशीच धरली होती का, तरीच वाकडा चालतोय.” आणि सगळ्यात मोठ्याने हसे ती ठकूआजीच.

अण्णांना त्या ओहोळाचं दुःख होई. कुठल्याशा विज्ञानपुस्तिकेत त्यांनी वाचलं होतं की ऊर्जा कधी नष्ट होत नाही, तिचं फक्त रूप बदलतं. आणि तेलाच्या इंजिनात जळणाची बरीचशी उष्णता धुरावाटे आणि पाण्यावाटे वायाच जाते. ही दोन वाक्यं त्यांच्या डोक्यात एकमेकांवर घासली आणि ठिणगी पडली. ‘मालकाचं यंत्र फेकून देतं, जनतेचं यंत्र काही फेकणार नाही,’ असं पत्रक त्यांनी लिहिलं. मी त्याची गरज नसताना दुसरी प्रत केली, इतकं ते मला सुंदर वाटलं. आज सांगते, त्या पुस्तिकेत खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त ती अर्ध्यावर थांबली होती. ऊर्जा नष्ट होत नाही हा पहिला नियम तिने दिला आणि त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरा नियम उभा असतो, तो दिलाच नाही. गरिबाला पहिला नियम शिकवून दुसरा जाड पुस्तकात ठेवणाऱ्यांवर माझा अजून राग आहे.

गरज खरी होती, हेही लिहायला हवं. आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज लागते. सकाळी पेज, बरोबर भाजलेल्या जवळ्याची चटणी, हे पोटात गेल्याशिवाय कोणी शेतात उतरत नसे. उकडा करायचा म्हणजे भात भिजवायचं, उकडायचं आणि खळ्यात उन्हात वाळवायचं. त्या वर्षी कापणी झाली आणि आभाळ फाटलं. ऊन पडेना. उकडलेलं भात ढिगाने पडून आंबायला लागलं, त्याचा आंबूस वास साऱ्या गावभर झाला. अण्णांनी तोडगा काढला. गिरणीला लागून एक खोली होती. तिच्या जमिनीखाली दगडी फरशांचा बोगदा करायचा, इंजिनाचा धूर छपरातून सोडण्याऐवजी त्या बोगद्यातून न्यायचा आणि खोलीच्या पलीकडच्या धुराड्यातून बाहेर काढायचा. जमीन तापेल, भात वाळेल. जोडीला इंजिनाचं ऊन पाणी ओहोळात न सोडता झाकलेल्या टाक्यात परत घ्यायचं. सभासदांनी माना डोलावल्या. बाळू मिस्त्री तर खुशीत आला. “मास्तर, पाटील आता स्वैपाक पण करणार म्हना की!”

खोली बायकांनी लिंपली. हे काम आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. भात साठवायची कणगी लिंपतात तसंच: शेण आणि माती कालवून हाताने सारवायचं, एक फट ठेवायची नाही, उंदराचं नख शिरता कामा नये. त्यांनी खोलीची कणगीच केली. कौलांखालच्या सांदी बुजवल्या, खिडकी बुजवली, दाराच्या कडांना गोणपाटाच्या पट्ट्या ठोकल्या. हिरा सगळ्यात पुढे, कोपरापर्यंत शेणात. “मास्तर, बघा, तुमची ऊब आता कुटं जात नाय,” ती म्हणाली. अण्णांनी भिंतीवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, “हे शास्त्र यांच्या हातात आधीपासून आहे.” आत जाऊन तापलेल्या जमिनीवरचं भात पायाने फिरवत राहायचं, हे काम हिराने मागून घेतलं. बाहेर बोचरा वारा होता आणि आत दुलईसारखं उबदार. ओहोळ कोरडा पडला. ठकूआजी नातवाला घेऊन घरी चुलीवर पाणी तापवू लागली आणि बोटं मोडू लागली.

पहिले काही दिवस भात खरंच वाळलं. अण्णा मुठीत दाणे घेऊन दाताखाली फोडून दाखवत. खोलीतून बाहेर आलेल्या बायका “डोकं उठलंय” म्हणत. अण्णांनी त्यांना कोकमाचं पाणी प्यायला सांगितलं, उष्णतेनं होतं म्हणाले. वास तर गिरणीत सगळीकडेच होता, त्याचं कोणाला काही वाटलं नाही. मग आभाळ आणखी दाटलं, ढीग वाढले, सभासद दाराशी येऊन “आमचं कवा?” विचारू लागले. धुराड्यातून वर जाणारा धूर अजून हाताला चटका देई. तो पाहून अण्णा म्हणाले, “ही बघा, अजून चाललीय वाया. जरा आत थांबू दे तिला. सगळी ऊब देऊन मग जाऊ दे.” बाळू मिस्त्रीने रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून धुराड्याला झडप केली आणि ती जवळजवळ मिटली. इंजिनाचा आवाज बदलला. धप्‌धप्‌ची जागा कण्हण्याने घेतली. आमच्या मांडणीवरची भांडी किणकिणायची थांबली. “दम लागलाय का त्याला?” अण्णांनी विचारलं. “नवीन सवय हाय, होईल,” बाळू म्हणाला. दोघंही हसले. धुराला पुढे वाट राहिली नाही तेव्हा त्याने फरशांच्या सांध्यांतली माती फोडली आणि तो खालून वर आला, कणगीसारख्या बंद खोलीत.

दुपारी मी हिरासाठी पेज घेऊन गेले. मी पोचायच्या जरा आधी इंजिन आपोआप बंद पडलं होतं आणि बाळू त्याच्याशी झटापट करत होता. इतकी शांतता त्या गिरणीत मी कधी ऐकली नव्हती. दाराशी हाक मारली, उत्तर नाही. दार रेटलं तेव्हा गोणपाट फाटल्याचा आवाज झाला आणि अंगावर गरम, जड हवा आली. हिरा भातावर कुशीवर पडली होती. तिचे गाल गुलाबी होते. सावळ्या हिराच्या चेहऱ्यावर तशी लाली आम्ही लग्नातही पाहिली नव्हती. मी ओरडले. अण्णा आणि बाळूने तिला उचलून ओट्यावर आणलं. कोणीतरी ठकूआजीला बोलावलं, गणा बैलगाडी जुंपायला धावला, कर्जतच्या डॉक्टरकडे न्यायला.

ठकूआजीने सुनेच्या पोटाला हात लावला, तळव्यांना लावला आणि तिचा चेहरा उजळला. “ऊन हाय! अंग ऊन हाय पोरीचं! घाबरू नका रं.” सगळ्यांनी हात लावून पाहिले. खरंच ऊन होतं, जिवंत माणसापेक्षाही ऊन. ताप असावा, ग्लानी असावी. आजीने आपलं लुगड्याचं धडपं, कोणाची घोंगडी, गिरणीतली पोती, सगळं तिच्यावर घातलं. “ऊब जाऊ देऊ नका,” ती सारखी म्हणत होती, “ऊब धरून ठेवा.” अण्णा पायाशी बसले होते. त्यांनी हिराच्या पावलाभोवती दोन्ही हात धरले होते आणि मी त्यांच्याकडे पाहत होते. वारा वाहत होता. आधी बोटं निवली. मग पाऊल. आजी घोंगडी घट्ट करत गेली आणि तरी ते गारपण वर सरकत गेलं, घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत. अण्णांना ते हातांना कळत होतं. गाडी जुंपून गणा आला तेव्हा त्यांनी हात काढून घेतले आणि मान हलवली. आजी तरी गप्प होईना. “पोट हाय की अजून ऊन! मास्तर, पोट बघा की!” पोट त्या संध्याकाळपर्यंत किंचित कोमट होतं. ती फरशीची ऊब होती. हिरा मी हाक मारायच्या बऱ्याच आधी गेली होती.

पुढे कॉलेजात विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी फळ्यावर दोन डबे काढले. वरचा तापलेला, खालचा गार, मध्ये इंजिन. उष्णता वरून खाली जाते आणि जाता जाता थोडं काम करून देते. खालच्या डब्याला काहीतरी द्यावंच लागतं. सगळीच्या सगळी उष्णता कामाला लावणारं यंत्र नसतं. आणि निवलेलं आपोआप पुन्हा तापत नाही. बाकीची मुलं लिहून घेत होती. मला तो खालचा डबा ओळखीचा वाटला. तो आमचा ओहोळ होता, छपरातून जाणारा धूर होता, भिवपुरीच्या नळांचा पायथा होता. अण्णांना पाण्याचं माहीत होतं, धुराचं त्यांनी मानलं नाही. हिराला मारलं ते विषारी धुराने, हे मला कळतं. नियम कोणाला मारत नसतो. पण तो धूर तिथे अडवला गेला तो ‘काहीही फेकायचं नाही’ या हट्टापायी, आणि हट्टाला आम्ही तत्त्व म्हणत होतो.

दहन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा लिहायला बसले. व्यापारी गावात फिरत होता, खोली माणसं खाते असं सांगत होता आणि सभासद भिजलेल्या भाताच्या गोणी उचलून नेत होते. गिरणी मोडली की सगळे पुन्हा त्याच्या दारात. अण्णांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी प्रत करायला घेतली. ‘यंत्र निर्दोष आहे. वाळवणीची खोली निर्दोष आहे. कामाच्या वेळी झोप लागल्याने व उष्णतेने ग्लानी येऊन कै. हिराबाई यांचा दुर्दैवी अंत झाला.’ मी टाक खाली ठेवला.

“अण्णा, झडप कोणी मिटवली?”

“लिही तू.”

“हिरा झोपली नव्हती. तुम्हाला ठाऊक आहे.”

“गिरणी जाईल, कुसुम. साठ-सत्तर घरांच्या तोंडचा घास जाईल. एका वाक्यासाठी?” त्यांनी कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला. “सत्य कोणाच्या उपयोगी पडतं तेही बघावं लागतं.”

“मग खाली नाव कोणाचं घालू?” मी विचारलं. त्यांनी टाक उचलून माझ्यापुढे धरला. मी म्हणाले, “मी प्रत करणार नाही. तुम्हीच करा, आणि छापणाऱ्याला लागलं नाही तर न लागू दे.”

आई तांदूळ निवडत होती. जन्मात कधी पत्रकांच्या भानगडीत पडली नव्हती. ती सुपातून मान वर न करता म्हणाली, “ठकूआजीला वाचता येत नाही. आधी तिला वाचून दाखवा. मग खुशाल छापा.”

अण्णा उठले. मी मागोमाग गेले. ठकूआजी अंगणात नातवाला मांडीवर घेऊन बसली होती, पोर भुकेने किरकिरत होतं. गणा भिंतीला टेकून. अण्णांनी कागद उलगडला आणि सभेत वाचत तसा घसा साफ केला. ‘यंत्र निर्दोष आहे’ एवढं वाचलं. पुढच्या ओळीवर थांबले.

“वाचा की, मास्तर,” आजी म्हणाली. “माज्या सुनंचं नाव हाय का त्यात?”

“आहे.”

“काय म्हंतंय?”

अण्णांनी कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी. “धुराडं मी मिटवायला लावलं, आजी. धूर आत कोंडला. हिरा काम करत होती.”

गणा उठून दोन पावलं पुढे आला आणि उभा राहिला. त्याने हात उगारला नाही. उगारला असता तर अण्णांना बरं वाटलं असतं, असं मला आज वाटतं. आजीने पोराला मांडीवरून उचलून खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, “हे गावात सांगा. मला सांगून काय? ती झोपली म्हनत्यात लोकं.”

अण्णांनी ते गावात सांगितलं. देवळासमोर, उभं राहून, कागदाशिवाय. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी दगडही मारला नाही. पोलीसपाटलाने जबाब घेतला, कर्जतला खेपा झाल्या, आणि प्रकरण अपघाताखाली मिटलं. सभासद एकेक करून निघून गेले. गिरणी व्यापाऱ्याने घेतली, इंजिनासकट आणि बाळू मिस्त्रीसकट. बाळू त्यानंतर इंजिनाला इंजिन म्हणू लागला. अण्णांनी खोलीच्या भिंतीवरचं लिंपण स्वतः पहारीने फोडलं आणि पुन्हा कधी पत्रक लिहिलं नाही. कोनाडा तसाच राहिला. मी पुढे आयुष्यभर लिहीत आले, भांडत आले, त्यातली बरीच लढाई हरले. लिहून झालं की छापायच्या आधी ते कोणासमोर उभं राहून वाचायचं, हे मी अजून ठरवते. माझे पुष्कळ कागद त्या परीक्षेत नापास झाले आणि घडी होऊन राहिले.

व्यापाऱ्याने धूर परत छपरातून काढला आणि पाणी परत ओहोळात सोडलं. बायका तिकडे फिरकेनात. वाफाळतं पाणी नुसतंच वाहून जाई. मग एका सकाळी, कडाक्याच्या थंडीत, मी आणि अण्णा त्या वाटेने जात होतो. काठावर ठकूआजी एकटी होती. हिराचा मुलगा तिच्या पायांवर पालथा होता आणि ती त्याच्या पाठीवर ओंजळी ओतत होती. हिरा गेल्यावर सरपणाला डोंगर चढणारी बाई घरात उरली नव्हती. तिने आम्हाला पाहिलं. अण्णा जागीच थांबले, परत फिरावं की काय अशा बेतात.

“उभे काय ऱ्हायले, मास्तर,” ती म्हणाली. “या हिकडं. मान धरा पोराची, माजा हात कापतोय.”

अण्णा चपला काढून पाण्यात उतरले. वाकून त्यांनी दोन्ही तळव्यांत ती इवली मान धरली आणि आजी ओतत राहिली. पाणी पोराच्या अंगावरून, अण्णांच्या हातांवरून निथळत ओहोळात जात होतं. थोड्या अंतरापर्यंत त्यावर वाफ दिसे. त्याच्या पुढे नाही.